पाण्याचा दिवस कुणाला ठाऊक

भाऊसाहेब,

परवा मी एक वेडेपणा केला. आमच्या गारखेड्यात आदल्या दिवशी पाणी येऊन गेलं होतं, म्हणजे परवा तुमच्या हर्सूलला. बालकल्याण समितीच्या खोलीत सगळे येऊन बसले होते, बाहेर बाकावर एक आई तिची दोन लेकरं घेऊन ताटकळत होती. लिपिकानं दोनदा डोकावून विचारलं, "बाई, सुरू करायचं का?" मी म्हणाले, "जरा थांबा, आज हर्सूलला पाणी आहे." तो माझ्याकडे बघत राहिला आणि बाहेर गेला. साडेअकरा वाजले तरी तुम्ही आला नाहीत. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की तुम्ही जाऊन तेरा दिवस झाले आहेत.

पाच वर्षांची सवय हो ही. आमच्याकडे पाणी आलं की दुसऱ्या दिवशी तुम्ही उशिरा येणार, पँटचे पाय दुमडलेले, उजवी बाही कोपरापर्यंत ओली, आणि दारातूनच, "माफी असावी बाई, मोटार पाणी खेचत नव्हती." मी अध्यक्ष म्हणून डाफरायचे. घरात दोन तरणे मुलगे असताना पाणी वकीलसाहेबांनीच का भरायचं, असं मी कितीदा विचारलं असेल. तुम्ही हसायचात आणि खिशातून लिमलेटची गोळी काढून पुढे करायचात.

तुमच्या शोकसभेत बरंच बोललं गेलं. कुणी तुम्हाला अनाथांचा कैवारी म्हणालं, कुणी दीपस्तंभ. मला अशा वेळी हसू आलं, काय करू? दीपस्तंभ म्हणे! मुलांसाठी आणलेल्या गोळ्या स्वतःच फस्त करणारा आणि बिनसाखरेच्या चहात चार गोड बिस्किटं बुडवणारा माणूस तुम्ही. मला बोलायचा आग्रह झाला, मी नको म्हणाले. मला चांगलं बोलायचंच नव्हतं. मला भांडायचं होतं, आणि ज्याच्याशी भांडायचं तोच हार घालून फोटोत बसला होता.

भांडण जुनंच आहे, हनानचं. त्याला तीन वर्षं झाली.

आपलं काम सांगायला सोपं. घर सुटलेलं मूल समोर आलं की ते कुठं राहिलं तर त्याचं बरं होईल, एवढं ठरवायचं. पण हनानच्या प्रकरणात पोलीस होते, दिल्ली होती, परदेश होता, आणि आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बाप येमेनचा, इथं विद्यापीठात शिकायला आलेला. बायको तिकडच्या लढाईत गेली म्हणून लेकीला बरोबर घेऊन आला होता. त्याचा व्हिसा संपला. परत जावं तर लढाई चालूच, म्हणून आसरा मागायला दिल्लीच्या निर्वासितांच्या कचेरीत गेला. जाताना पोरीला शहागंजच्या घरमालकिणीकडे, खालाबीकडे, आठ दिवसांसाठी ठेवून गेला. तिथं त्यानं अर्ज दिला एवढं कळलं. पुढे तो कुठल्या वाटेला लागला, जिवंत आहे की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. आठ दिवसांचे चौदा महिने झाले. मग दिल्लीवाल्यांनी कैरोमध्ये पोरीची सख्खी मावशी शोधून काढली. तीही निर्वासितच, दोन खोल्यांत तीन लेकरं घेऊन राहणारी, पण म्हणाली, पाठवा. आणि दिल्लीनं आपल्याला विचारलं, पोरीचं भलं कशात आहे? इथं ठेवलं तर राहण्याच्या परवानगीसाठी दर वर्षी नव्यानं दारं ठोठावायची आणि एखाद्या वर्षी कुणी नाही म्हणालं तर संपलं. पाठवलं तर परतीची वाट नाही.

बाकीच्या तिघांनी हात वर केले. "बाई आणि भाऊसाहेब काय ते बघतील." आपण बघितलं. म्हणजे मी एक बघितलं आणि तुम्ही दुसरंच.

तुम्ही मुलाला सरळ प्रश्न कधी विचारला नाहीत. मी पडले मास्तरीण, प्रश्न विचारायचा आणि उत्तर घ्यायचं, एवढंच मला जमतं. तुमची रीत दुष्काळाच्या वर्षी सुरू झाली. गावाकडचे लोक पोराबाळांसकट शहराकडे सरकले होते, बायपासच्या कडेनं इमारती उठत होत्या, आणि त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत राहणारी मुलं आपल्यापुढे यायची. कुणी म्हणे हा माझा भाचा, कुणी म्हणे ही माझ्या भावाची लेक. तुम्ही मुलाला जवळ घ्यायचात आणि विचारायचात, "काय रं, तुमच्याकडं पाणी कधी येतं?" आपल्या शहरात कुणाकडे चौथ्या दिवशी, कुणाकडे सहाव्या, कुणाकडे आठव्या. वार ठरलेला नसतो, मोजत राहावं लागतं. तुमचं म्हणणं, "बाई, नाव-गाव पढवता येतं पोराला. पाण्याचा दिवस पढवता येत नाय. ज्या पोराला घरच्या पाण्याचा दिवस ठावं, ते पोर त्या घरचं." मी विचारलं, कायद्याच्या कुठल्या कलमात बसतं हे? तुम्ही म्हणालात, "नळाच्या."

शहागंजला आपण रिक्षानं गेलो. खालाबी साड्यांना फॉल लावत बसल्या होत्या, आणि हनान, नऊ वर्षांची, उंबऱ्यावर शेंगा सोलत होती. तुम्ही तिच्याशेजारी उकिडवे बसलात, चार शेंगा सोलल्यात, दोन खाल्ल्यात, आणि विचारलंत. तिनं मान वर न करता सांगितलं, "तीन दिन पहले आया था, अब तीन दिन बाद आता. दस-साढ़ेदस कू. पहले हौद भरना, फिर नीले ड्रम, पीने का आखिर में. पहला पानी गंदा आता." तुम्ही माझ्याकडे बघून मांडीवर थाप मारलीत. "झालं, बाई. पोरगी इथली."

मी तिचे तळहात बघत होते. नऊ वर्षांच्या पोरीच्या हाताला घट्टे होते. दुसऱ्या दिवशी मी तिच्या शाळेत जाऊन हजेरी मागवली. दर सहाव्या दिवशी गैरहजर, एकदाही चूक नाही. मी तुम्हाला म्हणाले, "भाऊसाहेब, ही घरची लेक नाही. म्हातारीला हंडे उचलायला पोर मिळालंय." तुम्ही एवढे चिडलेले मी त्याआधी कधी बघितले नव्हते.

"बाई, उंटावरून शेळ्या हाकू नका. पाण्याच्या दिवशी कुणाचं पोरगं येळेवर शाळंत जातं? माझी नाय गेली. मीबी इथं उशिराच येतो, मग मी काय माझ्या घरचा गडी व्हय?"

"तुम्ही साठीचे आहात. ती नऊ वर्षांची आहे."

"अन् तिकडं मावशीला तीन लेकरं हायेत. तिथं ही काय पाटावर बसून जेवणारे?"

त्याच सहाव्या दिवसावरून तुम्ही तिला घरची लेक ठरवलंत आणि मी कामवाली. दोघांचे डोळे चांगले होते, दोघांची नियत चांगली होती. मग असं कसं झालं, ते मला आजही उमगत नाही.

शेवटी मी माझ्या रीतीनं गेले. सगळ्यांसमोर तिला विचारलं, "हनान, तुला मावशीकडे जायचंय का?" तिनं उलट मलाच विचारलं, "वहाँ पानी कब आता?" सगळे हसले. मीही हसले आणि मनात लिहून टाकलं, पोरगी तयार आहे. तुम्ही हसला नाहीत. नंतर मला म्हणालात, "ती जायचं का नाय ते सांगत नाय, बाई. तिथं गेल्यावर आपल्यावर काय काम पडंल, त्याचा अंदाज घेती." आता वाटतं, कदाचित ती खरंच फक्त पाण्याचं विचारत असेल. नऊ वर्षांचं मूल एखादी गोष्ट नुसती विचारूही शकतं.

त्या संध्याकाळी कचेरीबाहेरच्या चहाच्या गाड्यावर तुम्ही मला आत्याचं सांगितलंत. पाच वर्षांत एकदाच. बहात्तरच्या दुष्काळात तुमचे वडील खडी फोडायच्या कामावर गेले आणि तुम्हाला हर्सूलला आत्याकडे 'दोन महिन्यांसाठी' ठेवून गेले. "अजून तिथंच हाय," म्हणालात. "आत्या तिच्या पोरांच्या आधी मला उठवायची, अन् पाण्याला धाडायची. भाकर मात्र पहिली मला वाढायची. जाताना घरातला वाटा माझ्या नावावर करून गेली. बाई, इतकी वर्षं झाली, तिनं मला ल्योक मानलं का गडी, मला अजून समजलं नाय."

तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. निदान गप्प बसून ऐकायला हवं होतं. मी म्हणाले, "चहा गार होतोय." भाऊसाहेब, माझ्या आयुष्यात मी बरीच मूर्ख वाक्यं बोलले आहे, पण त्या वाक्याची लाज अजून जात नाही. तुम्ही चहा पिऊन टाकलात आणि निघून गेलात.

पोरीला मावशीकडे पाठवावं, असं मत मी लिहून तयार केलं. तुम्ही विरोधी मत लिहिणार हे धरून मी उत्तरंही तयार ठेवली होती, अगदी घोकून. तो नेमका हर्सूलच्या पाण्याचा दिवस. तुम्ही पँट दुमडून उशिरा आलात, कागद दोनदा वाचलात आणि सही केलीत. मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं झालं.

दिल्लीहून तिला न्यायला एक बाई आल्या. स्टेशनवर मी गेले, तुम्ही आला नाहीत. हनाननं खालाबींनी शिवलेला नवा फ्रॉक घातला होता, आणि गाडी सुटेपर्यंत ती खालाबींना समजावत होती की मोटर लगेच लावायची नाही, आधी नळातली हवा जाऊ द्यायची. खालाबी हौ हौ करत होत्या. मी परतीच्या रिक्षात रडले आणि तुम्हाला यथेच्छ शिव्या दिल्या. त्यानंतर मी कधीही हनानचं नाव काढलं की तुम्ही खिशात हात घालायचात. "घ्या, बाई, गोळी घ्या." तीन वर्षं मी लिमलेट चघळत समजत राहिले की तुम्ही माझ्यावर रुसला आहात.

तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी खालाबी हर्सूलला आल्या, रिक्षानं, एकट्याच. बायकांत माझ्याशेजारी येऊन बसल्या. हात सुजलेले, बोटं वाकडी झालेली. हळूच म्हणाल्या, "बाई, आपकू एक बात बोलना था. बच्ची कू भेज देव बोलके मैंच बोली थी भाऊसाब कू. उनका दिल नै था. मैं बोली, मेरे हातां में जोर नै, हंडा उठता नै, बच्ची उठाती, स्कूल चुकाती. कल मैं मर गई तो ये किसकी? कैरो में सगी खाला है, उसका खून है, भेज देव उसके पास."

मी विचारलं, मग हे मला का नाही सांगितलं?

"मैं बोली थी, बाई कू बता देव. वो बोले, नक्को. बाई कू मालूम हुआ तो वो दस्तख़त नै करेंगी. बोलेंगी, जो औरत बच्ची का इत्ता सोचती, उसीच के पास रहने देव."

भाऊसाहेब, मी तसंच म्हटलं असतं. अगदी याच शब्दांत. तुम्ही मला एवढं ओळखून होतात याचा मला राग यावा की बरं वाटावं, हे मला ठरवता येत नाही. तुमच्या अंगणात, तुमचे कपडे अजून दोरीवर वाळत असताना, मी तुमच्यावर इतकी चिडले की तुमच्या सूनबाईंनी मला पाणी आणून दिलं. तुम्ही मला फसवलंत. माझ्या संशयाच्या जोरावर, माझ्या हातून, तुमच्या मनाविरुद्धचा निर्णय करवून घेतलात. खालाबींबद्दल मी वाटेल ते बोलले होते, ते तसंच राहू दिलंत. हे वकिली डोकं म्हणायचं की माया? तुमच्या आत्यानं जे कधी बोलून दाखवलं नाही ते खालाबींनी बोलून दाखवलं, म्हणून सही केलीत का? की नुसते थकला होतात? विचारायचं कुणाला?

खालाबींच्या पाया पडले मी. त्या संकोचल्या. उठता उठता म्हणाल्या, "फोन आता उसका अब बी. पानी के दिन."

म्हणून आज सकाळी मी शहागंजला गेले. आज त्यांचा दिवस. दहाला पोचले तर नळ नुसताच सुस्कारे टाकत होता, खालाबींनी हवा जायची वाट बघत मोटर बंद ठेवली होती. पहिलं पाणी आलं आणि स्टुलावरचा फोन वाजला. खालाबींचे हात ओले. म्हणाल्या, "आप उठाव."

"खाला, पानी आया?"

आवाज ओळखू आला नाही. बारा वर्षांची झाली ती. मी म्हणाले, मी बाई बोलतेय. पलीकडून एकदम, "समितीवाले बाई!"

तिला विचारायला माझ्याकडे चार प्रश्न तयार होते, वाटेत रिक्षात जुळवलेले. मावशी नीट वागवते का, शाळेत जातेस का, तिकडे आवडतं का, आणि चौथा, आम्ही चुकलो का गं? तीन वर्षं तो विचारायचा राहिलेला. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. म्हणाले, "हनान, तुझ्याकडे पाणी कधी येतं?"

ती हसली. "इधर तो रोज आता, बाई. गिनना नै पड़ता."

तुमचा प्रश्न तिथं चालतच नाही, भाऊसाहेब. रोज पाणी येणाऱ्या घरात कोण घरचं आणि कोण कामाचं, हे कसं ओळखायचं ते तुम्ही मला सांगून गेला नाहीत. मी त्या ओल्या फरशीवर फोन कानाला लावून उभी राहिले. तिच्या आवाजावरून ती बरी वाटली. पण आवाजाचं काय, माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरी मार खाऊन येऊनही कविता गोड म्हणायच्या.

मग तीच म्हणाली, "बाई, भाऊसाब का फोन बंद आ रा. परसों उनका पानी था ना? मैं लगाई थी. उसके पहले बी बंद था."

म्हणजे शहागंजचा दिवस ती मोजत होती आणि हर्सूलचाही. दर सहाव्या दिवशी तुमच्याशी बोलत होती, आणि तुम्ही पँट दुमडून, तिच्याशी बोलून, माझ्यासमोर येऊन मोटार पाणी खेचत नव्हती म्हणून सांगत होता. माझा गारखेड्याचा दिवस तिला ठाऊक नाही. कसा असेल? मी तिला तो कधी सांगितलाच नाही.

खालाबी हंड्याखाली हात धरून माझ्याकडे बघत होत्या. तुम्ही गेल्याचं त्यांनी तिला सांगितलेलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, पण सांगा म्हणून की नको म्हणून, ते मला कळलं नाही. आयुष्यभर मुलांना सरळ प्रश्न विचारून सरळ उत्तर मागणारी मी.

"हो," मी म्हणाले, "परवाच होतं."

"भर लिए ना उनो?"

"हो. भरलं."

"फिर ठीक है. अब अगले दिन लगाती मैं उनकू," म्हणाली, आणि शाळेची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

हर्सूलचं पाणी आता चार दिवसांनी. तोवर तुमचा फोन तुमच्या मुलाकडून मागून आणायचा, चालू करायचा, आणि तो वाजला की त्या पोरीला काय सांगायचं ते ठरवायचं. यातही तिचं भलं कशात आहे, तेच ठरवायचं आहे. मी दोन्ही बाजूंनी लिहून बघितलं, आणि दोन्ही कागद तुमच्या खुर्चीसमोर ठेवून आले.